नावडतं गाणं आवडायला का लागतं, आणि ते मुद्दाम घडवून आणता येतं का?

वरातीत एखादं गाणं पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा "हे काय भलतंच!" असं वाटतं. पंधरा दिवसांनी भांडी घासताना तेच आपल्याच तोंडून बाहेर पडतं. दुसरीकडे, कधीकाळी जीव की प्राण असलेलं गाणं कोपऱ्यावरच्या मांडवात दहा दिवस वाजलं की नको नको होतं. आणि तिसरी गंमत म्हणजे ज्या ख्यालाला, म्हणजे रागदारी गाण्याच्या प्रकाराला, लहानपणी घरातली पोरं "रडगाणं" म्हणत कानावर हात ठेवतात, तोच ख्याल कानावर पडला की चाळिशीत त्यांचा पाय दारातच अडतो. या तिन्ही गोष्टींना आपण सरसकट "आवड बदलली" म्हणतो. प्रत्यक्षात तिथे वेगवेगळ्या भानगडी चालू असतात आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा असतो.

पहिली भानगड ओळखीची. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली एक साधा प्रयोग मांडला. चिनी न येणाऱ्या लोकांना चिनी लिपीसारखी दिसणारी चिन्हं दाखवली. काही एकदाच, काही दोनदा, काही पाच, दहा, पंचवीस वेळा. मग विचारलं, याचा अर्थ कितपत चांगला असेल? जे चिन्ह जास्त वेळा डोळ्यांपुढून गेलं होतं, त्याला लोकांनी जास्त चांगला अर्थ बहाल केला. कुणी काही समजावलं नव्हतं, बक्षीस दिलं नव्हतं, नुसती नजरानजर वाढली होती. गाण्याचंही बरंचसं असंच आहे. जाहिरातवाले आणि निवडणुकीच्या रिक्षावर कर्णा लावणारे हे प्रयोग न वाचताच जाणून असतात.

पण नुसत्या ओळखीने सगळं उलगडत नाही. संगीत ऐकताना मेंदू गप्प बसलेला नसतो, तो सारखा पुढचा स्वर, पुढचा ठोका ताडत असतो. अंदाज बरोबर आला की बरं वाटतं, थोडा हुकला आणि मग जागेवर आला की त्याहून बरं वाटतं. सगळेच अंदाज चुकायला लागले की मात्र वैताग येतो. गाण्यातली भावना या अपेक्षेच्या खेळातून उगवते, हे लिओनर्ड मेयर या अमेरिकी संगीत-अभ्यासकाने 1956 साली सविस्तर मांडलं. पुढे 2011 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी आवडतं संगीत ऐकणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. अंगावर काटा आणणाऱ्या जागेवर डोपामिन हे मेंदूतलं सुखाशी जोडलेलं रसायन सुटतंच, पण ती जागा येण्याच्या आधीच्या काही सेकंदांतही मेंदूच्या दुसऱ्या भागात ते सुटतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे आनंदाचा एक मोठा वाटा वाट बघण्यात असतो. आता ज्याला वाट कशाची बघायची हेच ठाऊक नाही, त्याच्या पदरात काय पडणार? नावडत्या गाण्यांतली बरीचशी या खात्यातली असतात. ती वाईट नसतात. आपला कान त्यांच्यात आंधळी कोशिंबीर खेळत असतो.

"पण बेसूर ते बेसूर, त्याला सवय काय करणार?" असा प्रश्न इथे हमखास येतो. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात, पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा संबंध फार कमी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांना गोड समजले जाणारे स्वरमेळ आणि कर्कश समजले जाणारे स्वरमेळ ऐकवले. त्यांना दोन्ही सारखेच बरे वाटले. म्हणजे जे आपल्याला जन्मजात वाटतं, त्यातलंही बरंच कानावर पडून पडून झालेलं असतं.

मग एखादं गाणं शंभर वेळा ऐकलं की आवडेलच? नाही. आवडीचा आलेख घाटासारखा असतो, चढतो आणि मग उतरतो. 2004 साली टोरोंटोत झालेल्या एका प्रयोगात लोकांना काही धून दोनदा, काही आठदा, काही बत्तीस वेळा ऐकवल्या. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांची आवड आठ वेळांपर्यंत वाढली आणि बत्तीसला पडली. ज्यांचं लक्ष दुसऱ्या कामात होतं आणि धून नुसती मागे वाजत होती, त्यांची आवड मात्र हळूहळू चढतच राहिली. यातले आकडे औषधाच्या मात्रेसारखे काटेकोर धरायचे नाहीत, पण रोख पक्का आहे. लक्ष देऊन ऐकणं थोडं आणि अंतराने, मागे वाजत ठेवणं सैलसर. दुसरी गोष्ट, सोप्या गाण्याचा घाट बुटका आणि उभा असतो: लवकर माथा, लवकर उतार. गुंतागुंतीच्या संगीताची चढण लांबलचक असते, आणि बहुतेक लोक पहिल्याच वळणावर गाडी मागे फिरवतात.

आणि जबरदस्ती केली तर काय होतं, याचा एक देशव्यापी प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने कान बिघडतात असं त्यांचं ठाम मत होतं. आकाशवाणीवरची फिल्मी गाणी आधी कमी झाली, मग निर्मात्यांशी बिनसल्यावर जवळजवळ दिसेनाशी झाली आणि त्यांच्या जागी शास्त्रीय संगीत आलं. ऐकणाऱ्यांनी रेडिओचा काटा सरळ रेडिओ सिलोनवर, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्रावर नेला. 1952 मध्येच तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला हा फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला होता, त्याचं सोनं झालं. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करून आकाशवाणीला हलकंफुलकं संगीत परत आणावं लागलं. केसकरांचा हेतू वाईट होता असं नाही, पण ज्या गोष्टीचा आधीच कंटाळा आहे ती डोक्यावर आपटत राहिलं की नावड घट्ट होते. घरात मुलांवर "चांगलं संगीत" लादणाऱ्या आईबाबांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण. ते बड्या ख्यालाचंच घेऊ, कारण मराठी घरांत सर्वांत जास्त "नाही बुवा कळत" त्याच्याच वाट्याला येतं.

विलंबित, म्हणजे संथ, एकतालातला बडा ख्याल घ्या. ताल बारा मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा. लय संथ असली की एक मात्रा पाच-पाच सेकंदांची होते, म्हणजे एक आवर्तन, तालाची एक पूर्ण फेरी, साधारण मिनिटाचं. नवख्याला हेच मारतं. सिनेमाच्या गाण्यात दर दोन-तीन सेकंदांनी पुन्हा पहिला ठोका येतो आणि कानाला टेकायला जागा मिळते. इथे टेकायची जागा मिनिटाने येते, आणि मधल्या वेळात गाणारा नुसता "आ" करतोय असं वाटतं. पण याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. वीस मिनिटांच्या ख्यालात अशी वीसेक आवर्तनं होतात आणि बहुतेक आवर्तनांच्या शेवटी गायक बंदिशीच्या पहिल्या ओळीचा तोच तुकडा, म्हणजे मुखडा, घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. एकाच बैठकीत तोच तुकडा पंधरा-वीस वेळा! झायोन्कचा प्रयोग ख्यालाच्या घडणीतच बसवलेला आहे. वाट बघायला लावायची आणि मग ठरल्या जागी आणून सोडायचं, एवढंच हे यंत्र आहे. फक्त सम कुठे आहे ते सापडायला हवं.

ती अशी सापडते. एकतालाचा ठेका, म्हणजे तबल्यावरचे ठरलेले बोल, असा:

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत मोजा. चार बोटं, प्रत्येकी तीन पेरं, बरोबर बारा. करंगळीवर 1 ते 3, अनामिकेवर 4 ते 6, मधल्या बोटावर 7 ते 9, तर्जनीवर 10 ते 12. "तिरकिट" हा खुळखुळ्यासारखा भराभर वाजणारा बोल दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. म्हणजे अंगठा अनामिकेवर चढतो तेव्हा एकदा आणि तर्जनीवर चढतो तेव्हा दुसऱ्यांदा. दोन्ही तिरकिट कानाला सारखेच, मग कुठला कोणता? पुढे काय होतं ते ऐका. पहिल्या तिरकिटनंतर "तू ना क त्ता" येतं आणि या चार मात्रा डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताखालच्या जाड आवाजाच्या तबल्याचा, घुमारा गायब असतो. तबला एकदम हलका, कोरडा वाटतो. दुसऱ्या तिरकिटनंतर "धी ना", म्हणजे घुमारा कायम. तर तिरकिट वाजला आणि डग्गा बोलत राहिला, की समजा दोन मात्रांवर सम आहे. गायकाचा मुखडाही बहुतेक वेळा याच सुमारास सुरू होतो.

मुखडा जिथे सुरू होतो ती जागा म्हणजे सम, असा घोळ बहुतेकांचा होतो. तसं नसतं. मुखडा आधी उचलला जातो आणि त्यातलं एखादं वजनदार अक्षर समेवर येऊन पडतं. त्या अक्षरावर तबल्याचा पहिला "धिं" भरदार येतो. आवर्तन मिनिटभराचं असेल तर बारा मोजतानाही तोल जातो, म्हणून प्रत्येक मात्रेत मनात "एक-दोन-तीन-चार" म्हणायचं. तबलजीसुद्धा त्या मोकळ्या जागा अशाच भरत असतो. बारा चोक अठ्ठेचाळीस. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत चुकाल, चालतं. मुखडा ऐकू आला की पुन्हा पहिल्या पेरावरून सुरुवात करायची.

हे सगळं फोनच्या स्पीकरवर करायला जाल तर फसाल, आणि हे कारण फारसं कुणी सांगत नाही. पुरुष गायकाचा सा काळी एक पट्टीचा असेल तर मध्य सप्तकातला सा 139 हर्ट्झच्या आसपास असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झला. फोनचा चिमुकला स्पीकर अडीच-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. त्यामुळे तानपुऱ्याचा पाया उडतो, डग्ग्याचा घुमारा उडतो, आणि ज्या खुणेवरून सम शोधायची तीच ऐकू येत नाही. उरतो तो गायकाच्या आवाजाचा वरचा, धारदार भाग आणि तबल्याची टिकटिक. हे कुणालाही रडगाणंच वाटेल. भारी उपकरणं लागत नाहीत. कान झाकणारे साधे हेडफोन किंवा घरातला जरा बऱ्यापैकी मोठा स्पीकर पुरतो. आवाज मात्र सुरुवातीच्या आलापावर ठरवू नका, तो हळू असतो. पुढे तबला आणि ताना आल्या की कानठळ्या बसतात, मग चिडून बंद केलं जातं.

"आवाजच आवडत नाही" या तक्रारीतही पुष्कळदा यंत्राचा दोष गायकाच्या माथी जातो. भारतात गायिका गौहर जान यांच्या काळापासून, म्हणजे 1902 पासून, ध्वनिमुद्रणं आहेत. 1925 नंतर मायक्रोफोनचं विद्युत् तंत्र येईपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे, आणि त्या कर्ण्यात खालचे वरचे दोन्ही स्वरांश गळून जात. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, म्हणून लयही चढवलेली. अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी मुद्रणं ऐकून "हा आवाज फारच बारीक" म्हणणाऱ्याने हे मनात धरून ऐकावं. गंमत अशी की याच तबकड्या सरावलेल्या कानाला अमृत वाटतात, कारण त्यात गळलेलं कान स्वतः भरून काढतो. नवख्याकडे भरायला माल नसतो. सुरुवात 1960 नंतरच्या स्वच्छ मुद्रणांनी करावी.

आणि सुरुवात शेवटाकडून करावी. ख्यालाच्या मुद्रणात बड्या ख्यालानंतर छोटा ख्याल येतो, बहुधा तीनतालात, पाच-सात मिनिटांचा. सम दर चार-सहा सेकंदांनी. राग तोच, स्वर तेच, फक्त टेकायच्या जागा जवळ जवळ. आधी दोन-तीन दिवस तेवढाच ऐकला की रागाचे स्वर कानात बसतात आणि मग संथ भाग तितका परका राहत नाही. आणखी खालची पायरी हवी असेल तर त्याच रागातलं ओळखीचं नाट्यपद घ्या. यमन निवडलात तर "स्वयंवर" नाटकातलं "नाथ हा माझा" आहे, 1916 पासून मराठी कानांत मुरलेलं. यमन सुचवतोय ते यासाठी की त्यात सगळे स्वर शुद्ध, एक मध्यम तेवढा तीव्र. भूप तर पाचच स्वरांचा: सा रे ग प ध. मारवा, श्री असले राग पहिल्या महिन्यात नकोत. त्यांतला ताण हा त्यांचा गुण आहे, पण तो सरावानंतर.

गायकी कोणती? इथे मतं वेगळी असू शकतात. किराणा आणि इंदूर या घराण्यांची, म्हणजे गायनपरंपरांची, लय फार संथ. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा झुमरा ताल तर चौदा मात्रांचा आणि आवर्तन मिनिटाच्या घरात. पोहता येणाऱ्याने उतरावं असं खोल पाणी. ग्वाल्हेर किंवा जयपूर घराण्याची लय त्यामानाने चालती, सम लवकर भेटते, ठेका ठसठशीत. नवख्याला ते सोपं जातं.

वेळापत्रक करायचंच तर ढोबळ असं. एकच मुद्रण निवडा, रोज नवं नाही. नवं लावत राहिलात तर ओळख कुठल्याच गाण्याशी होत नाही, आणि ऑनलाइन आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय तर इथे शत्रूच, ती आधी बंद करा. पहिले तीन वेळा ते मागे वाजू द्या: मेथी निवडताना, इस्त्री करताना. समजून घ्यायचा आटापिटा करू नका. चौथ्या वेळी हेडफोन लावून पेरांवर मोजा, पण दहाच मिनिटं. मध्ये एक-दोन दिवस जाऊ द्या. पाचव्या आणि सहाव्या वेळी मोजणं सोडा, फक्त मुखडा आला की ओळखा. आठव्या वेळेपर्यंत साधारण पंधरवडा झालेला असेल. तरी काहीच हललं नाही तर राग तोच ठेवून गायक बदला. उलटं करू नका, राग आणि गायक दोन्ही बदललेत तर पंधरा दिवसांची पुंजी पाण्यात. आणि ऐकताना जबडा आवळला जातोय, मनगटावरचं घड्याळ बघितलं जातंय असं झालं, तर तिथेच थांबा. चिडत ऐकलेली आवर्तनं जमेच्या बाजूला लागत नाहीत, उलट कर्ज वाढवतात.

ही झाली अनोळखीपणामुळे आलेली नावड. अतिपरिचयाने आलेल्या नावडीला नेमका उलटा इलाज लागतो: ऐकू नका. दोन-चार महिने, जमलं तर वर्ष. घाटाच्या उतारावर असताना आणखी ऐकलं की खालीच जाणार. मांडवातल्या गाण्यांचं हे आपोआप होतं, पुढच्या गणपतीत तीच गाणी परत बरी वाटतात. दीर्घ खंडानंतर एकदम पूर्ण गाणं न लावता कुणी वाद्यावर वाजवलेली त्याची धून ऐकली तर परतीचा रस्ता सोपा होतो.

तिसरी नावड चिकटलेली असते. आवडतं गाणं मोबाइलचा गजर म्हणून लावायचं आणि दीड महिन्यात ते ऐकलं की पोटात गोळा यायचा, हे बहुतेकांनी करून पाहिलं आहे. गाण्याला झोपमोड चिकटली. दवाखान्याच्या बाकावर, भांडणाच्या दिवसांत, पहाटे पाचला कर्ण्यावर ऐकलेल्या गाण्यांचं तेच. इथे तेच मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून काही होत नाही, कारण प्रत्येक वेळी जुनी गाठ आणखी आवळली जाते. दुसऱ्या आवाजातलं, दुसऱ्या लयीतलं तेच पद शोधा, आणि ऐकायची जागा, वेळ बदला. कर्ण्यामुळे विटलेला अभंग समोर बसून टाळ-मृदंगावर ऐकला की पुष्कळांना तो नव्याने भेटतो. त्यात शब्दांचाही भाग असतो. विशीत ज्या ओळीवरून कान घसरतो, तिचा अर्थ कळायला कधीकधी घरात एखादं मरण व्हावं लागतं. हे वेळापत्रकात बसवता येत नाही.

काहींना मात्र यातलं काहीच लागू होत नाही. ऐकू नीट येतं, सूर ओळखता येतो, इतर गोष्टींत रस आहे, पण कुठलंच संगीत आनंद देत नाही, अशी थोडी माणसं असतात. बार्सिलोनाच्या संशोधकांनी 2014 साली अशा लोकांचा अभ्यास केला. पैसे जिंकण्याच्या खेळात त्यांना इतरांसारखीच मजा आली, गाण्याने मात्र काही हललं नाही. अशा माणसाला "कान तयार कर" म्हणून छळू नये.

बाकीच्यांसाठी, जमलं की नाही ते ओळखायची खूण सोपी आहे. तबल्यावर दुसरा तिरकिट वाजतो आणि समेचा "धिं" पडायच्या आत आपली मान खाली यायला लागलेली असते, किंवा हात मांडीकडे निघालेला असतो. तो दिवस आला की त्याच रागाचं दुसऱ्या घराण्याचं मुद्रण काढा आणि पहिले दोन दिवस मोजू नका.